मुक्काम पोस्ट पाथर्डी

मु. पो. पाथर्डी, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर, पिन ४१४१०२. पोस्टकार्डाच्या उजव्या बाजूला सहज मावणारा हा पत्ता एका बैठकीत ठरलेला नाही. १८८४ च्या नगर जिल्हा गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचे अकरा तालुके दिले आहेत. त्यांत पाथर्डी नाही, कारण तेव्हा हे गाव शेवगाव तालुक्यात होते. पिन कोड आला १९७२ साली. जिल्ह्याचे नाव बदलले २०२४ मध्ये, चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या नावाने. एवढ्याशा दोन ओळींत तीन राजवटी बसल्या आहेत. पण गावात शिरल्यावर कोणत्या रस्त्याने जायचे आणि कितव्या दारावर थांबायचे, एवढे मात्र या पत्त्यात नाही. घराला नंबर नाही असे नव्हे. नंबर आहेत आणि एकापेक्षा जास्त आहेत, पण त्यांतल्या एकाच्याही आधाराने पाथर्डीत कोणी कोणाचे घर शोधत नाही. त्यामागे दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो केवळ पाथर्डीचा नाही.

जुन्या मराठी गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरीत घर सांगायचे तर वेस, चावडी आणि मारुती या तीन खुणा पुरत. त्यापुढे सांगितले जाई ते काम आणि जात: कुंभारवाडा, माळी गल्ली, तेल्याची आळी, खाटीक गल्ली. गावातला प्रत्येक माणूस प्रत्येकाला ओळखत असल्यामुळे याहून जास्त कशाची गरज नव्हती. आलेल्या पाहुण्याला चावडीपर्यंत पोहोचता आले की पुढचे काम गाव करी.

हे काम गावाच्या वतीने नेमके कोण करीत असे, ते सांगायला हवे. सरकारी माणसाला घराघरांतून नेणे, रयतेला चावडीवर बोलावून आणणे, परगावी निरोप आणि टपाल पोहोचवणे, वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत सोडणे ही वतनाची कामे महाराकडे होती. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर हद्द कुठून जाते हे सांगणारी त्याची साक्ष वजनदार मानली जाई. म्हणजे गावातले सगळे पत्ते ज्याला तोंडपाठ, त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर. आपल्याकडच्या पत्त्यांच्या इतिहासात मला याहून मोठा अन्याय दिसत नाही. त्याची दखल सरकारी कागदावर घ्यायला २०२० साल उजाडले, त्याकडे पुढे येतोच.

गावाच्या आत नावांची जी गरज नव्हती ती गावाबाहेर मात्र पदोपदी होती. पाथर्डी तालुक्याचा नकाशा समोर घ्या. चिंचपूर इजदे आणि चिंचपूर पांगूळ. कासार पिंपळगाव, पागोरी पिंपळगाव आणि पिंपळगाव टप्पा. मोहोज देवढे, मोहोज बुद्रुक, मोहोज खुर्द. चिंच, पिंपळ, बाभूळ सगळीकडेच असतात, म्हणून त्यांच्यावरून पडलेली गावांची नावेही सगळीकडे तीच ती येतात. त्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून लोकांनी दुसरा शब्द जोडला, कुठे घराण्याचा, कुठे धंद्याचा, कुठे लहान-मोठेपणाचा. माळी बाभूळगाव, खरवंडी कासार, टाकळी मानूर, चिचोंडी शिराळ अशी ही यादी लांबत जाते. कोणत्याही खात्याने न आखलेली ही व्यवस्था इतकी पक्की आहे की टपालखाते, महसूल खाते आणि एसटी या तिघांनी ती जशीच्या तशी उचलली.

त्यात जवखेडे खालसा आणि जवखेडे दुमाला ही जोडी मला विशेष वाटते. ज्या गावाचा महसूल थेट सरकारात जमा होई ते खालसा, आणि ज्याचा महसूल इनाम म्हणून दुसऱ्याच्या हाती गेलेला असे ते दुमाला. गावाचा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो हीच त्याची ओळख झाली. स्वातंत्र्यानंतर इनामे कायद्याने संपली, तरी नावातला हिशेब आजही बसच्या पाटीवर वाचायला मिळतो.

गर्भगिरीच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांची तऱ्हा आणखी निराळी. गीतेवाडी, बडेवाडी, शिरसाटवाडी, ढाकणवाडी. एका भावकीने डोंगराच्या कुशीत घरे बांधली आणि आडनाव हेच गावाचे नाव झाले. अशा वाडीत घराला वेगळा पत्ता कशाला लागेल? घर सांगताना अमक्याचा थोरला, तमक्याचा धाकटा, विहिरीकडचे, टेकडीवरचे, एवढ्यावर भागते.

शहरांत पत्त्याचा प्रश्न आधी उभा राहिला, कारण तिथे अनोळखी माणसे एकत्र येत होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेल्या नगरमध्ये वस्त्यांची नावे दरवाजांवरून आणि बाजारांवरून पडली: झेंडीगेट, दिल्लीगेट, कापडबाजार, गंजबाजार, डाळमंडई, तोफखाना. पारशा खुंट, तेलीखुंट, रामचंद्र खुंट ही खुंटाची नावे तर खास नगरची. पाथर्डीचा माणूस कोर्टकज्जासाठी, दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी पिढ्यान्‌पिढ्या नगरला जात आला. तिथे तो रस्त्याच्या नावाने नव्हे, खुंटाच्या नि गेटाच्या नावानेच फिरला.

पुण्यात पेशवाईत पेठा वसल्या. पेठ वसवायची म्हणजे शेटे-महाजनांना कौल द्यायचा, येणाऱ्या व्यापाऱ्याला काही वर्षे करात सूट द्यायची आणि पेठेला नाव द्यायचे. वारांची नावे आली, सदाशिवरावभाऊ आणि नारायणराव यांची नावे आली. इंग्रजी अमदानीत पेठेतल्या घरांना क्रमांक पडले तेव्हाही एकक पेठ हेच राहिले, रस्ता नव्हे. केसरीवाड्याचा पत्ता ५६८, नारायण पेठ, असा आहे. या ५६८ वरून घर रस्त्याच्या डाव्या हाताला आहे की उजव्या, हे कळत नाही. पुण्यात नवा माणूस आजही नंबर खिशात ठेवून पानपट्टीवर विचारतो, त्याचे मूळ इथे आहे.

घरांवर क्रमांक घालण्याची चाल युरोपातही माणूस शोधण्यासाठी सुरू झाली नव्हती. व्हिएन्नात १७७० मध्ये मारिया थेरेसाच्या सरकारने घरे मोजून त्यांवर क्रमांक घातले ते सैन्यभरतीसाठी. कोणत्या घरात लढण्याच्या वयाचे किती पुरुष आहेत हे दप्तरात यावे, एवढाच हेतू. एका टोकापासून सुरू करून घरे ओळीने मोजत जायची. मध्ये नवे घर उभे राहिले की ओळ बिघडायची. पॅरिसने १८०५ मध्ये निराळी वाट धरली. रस्त्याच्या एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक. सीन नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यांवर क्रमांक प्रवाहाच्या दिशेने वाढतात, नदीला छेदणाऱ्या रस्त्यांवर नदीपासून दूर जाताना वाढतात. त्यामुळे क्रमांक वाचला की परक्या माणसालाही आपण कुठे आहोत आणि पुढे किती चालायचे आहे हे कळू लागले. व्हिएन्नानेही १८६२ मध्ये जुने क्रमांक सोडून रस्त्यावार क्रमांक घेतले. आपल्याकडे मात्र व्हिएन्नाची पहिली पायरी आली आणि काम तिथेच थांबले.

ते तिथेच का थांबले, याचे उत्तर इंग्रजांच्या मोजणीत सापडते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमीन मोजणी सुरू केली आणि शतकाच्या मध्यावर ती नगर जिल्ह्यात पोहोचली. तेहतीस फुटांची साखळी, एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड रोवले गेले आणि प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. सरकारचे उत्पन्न शेतसाऱ्यातून येत होते, म्हणून काळीची मोजणी इंच-इंच झाली. पांढरीतून मिळणारे थोडे, म्हणून अख्ख्या वस्तीभोवती एक रेघ ओढून तिला गावठाण म्हटले आणि आतली घरे तशीच सोडली. पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायदा झाला, एकत्रीकरण होऊन गट नंबर आले, सर्व्हे नंबरचे जुने आकडे बदलले. तरी आजही पाथर्डीच्या शेतकऱ्याला आपल्या रानाचा गट नंबर झोपेत विचारला तरी सांगता येतो, आणि राहत्या घराचा नंबर विचारला की तो कपाट उघडतो. दोष त्याचा नाही. पीककर्ज, विहिरीचे अनुदान, दुष्काळाची मदत, भावकीतली वाटणी, सगळे शेताच्या नंबरावर चालते. घराच्या नंबरावर वर्षातून एकदा घरपट्टी येते, बाकी काही येत नाही.

मोठ्या गावांच्या गावठाणात नगर भूमापन झाले तेव्हा घरांच्या जागांनाही सिटी सर्व्हे नंबर मिळाले आणि मिळकत पत्रिका आली. मालकी सिद्ध करायला आणि बँकेकडे तारण ठेवायला ती फार मोलाची आहे, घर शोधायला तिचा काही उपयोग नाही, कारण तो नंबर जमिनीच्या तुकड्याचा असतो आणि तुकड्याचे दार कोणत्या गल्लीत आहे याच्याशी त्याचे देणेघेणे नसते.

दुसरा नंबर करआकारणीचा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांची ओळीने नोंद होते, नगरपरिषदेत मिळकत क्रमांक पडतो. आकारणी करणारा कारकून ज्या वाटेने गावात फिरला त्या वाटेने क्रमांक चढत गेले. नंतर मधल्या मोकळ्या जागेत घर झाले की त्याला शेजारच्या नंबरापुढे 'अ' लागला. भाऊ वेगळे झाले की तिरकी रेघ मारून एक, दोन, तीन. वाढत्या गावात दहा-वीस वर्षांत या क्रमांकांची अशी गुंतागुंत होते की वसुलीला जाणाऱ्या माणसालाही घरमालकाच्या नावावरच भिस्त ठेवावी लागते.

पाथर्डीचा कारभार ग्रामपंचायतीकडून नगरपरिषदेकडे आला आणि त्याबरोबर १९६५ चा नगरपरिषद कायदा लागू झाला. रस्त्यांना नावे देणे आणि घरांना क्रमांक देणे ही त्या कायद्याप्रमाणे परिषदेची कामे आहेत. पहिले काम आपल्या सगळ्याच नगरपरिषदांनी उत्साहाने केले, पण चौकांपुरते. पाथर्डीत नाईक चौक आहे, तो वसंतराव नाईकांच्या नावाचा. बंजारा तांड्यांच्या या तालुक्यात ते नाव शोभते आणि लोकांच्या तोंडी पक्के बसले आहे. बाकी रस्ते ज्या गावाला जातात त्याच गावाचे नाव घेतात: शेवगाव रोड, कोरडगाव रोड. ही फार चांगली पद्धत आहे असे माझे मत आहे, कारण असे नाव आपल्याला दिशा दाखवते. गावातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक पूर्वी २२२ होता, आता ६१ आहे. बदल झाला तेव्हा पाथर्डीत कोणाची गैरसोय झाली नाही, कारण २२२ म्हणूनही त्याला कोणी ओळखत नव्हते.

गावठाणाबाहेर नवी घरे झाली ती शेतात. गट बिगरशेती झाला, प्लॉट पडले, कॉलनीच्या मालकाने किंवा पहिल्या चार रहिवाशांनी नगराला नाव दिले. या नव्या वस्तीचा पत्ता गट नंबर आणि प्लॉट नंबर असा लिहिला जातो, म्हणजे काळीचा नंबर शेवटी पांढरीत आला. आज एकाच घराला सिटी सर्व्हेचा किंवा गटाचा एक नंबर, घरपट्टीचा दुसरा, प्लॉटचा तिसरा, मतदार यादीतला घर क्रमांक चौथा आणि वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक पाचवा. पाच कार्यालयांनी पाच वेळा मोजलेल्या घरासमोर उभे राहिले तर दारावर एकही आकडा दिसत नाही.

आकडे भिंतीवर आले ते रोगराईच्या काळात. १८९७ च्या आसपास मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर यू. एच. एच. ही अक्षरे रंगवली जात. ज्या घरात माणूस दगावला त्यावर तारखेसह वर्तुळ काढले जाई. घरावरची सरकारी खूण म्हणजे संकट, ही भीती त्या पिढीच्या मनात तेव्हापासून बसली. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीची फवारणी करणारे कर्मचारी खेड्यापाड्यांत घरोघरी गेले, भिंतीवर फवारणीची नोंद लिहून आले. देवीच्या रोगाच्या शोधमोहिमेत सत्तरच्या दशकात पुन्हा घरोघर फिरणे झाले आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. पल्स पोलिओच्या मोहिमेत अंगणवाडी ताई आणि आरोग्यसेविका यांनी खडूने घरांवर क्रमांक, बाण आणि खूण लिहिली. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी', कोणी राहिले असेल तर फुली. पुढच्या फेरीत फुलीच्या घरी पुन्हा जायचे. दर दिवाळीला रंग लागला की हे सारे पुसले जाई, पुढच्या मोहिमेत नव्याने लिहिले जाई. गल्ली कुठून सुरू होते, घरात शिरायचे मागच्या दाराने की पुढच्या, टेकडीवरची वस्ती कोणत्या ओढ्यापलीकडे, हे सारे या बायांनी कागदावर उतरवले. पाथर्डीसारख्या तालुक्याचा खरा घरनिहाय नकाशा कोणी केला असेल तर तो त्यांनी. पोस्टमन सोडला तर त्यांच्याएवढे पत्ते कोणालाच माहीत नाहीत.

या तालुक्यात घर शोधण्याचा प्रश्न अर्ध्या वर्षापुरता तरी निराळाच होतो. दसरा झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि वाड्या-तांड्यांवर कुलपे लागतात. कारखान्यावर पाचटाच्या कोप्यांत पाच-सहा महिने जातात. तिथे पत्ता म्हणजे कारखान्याचे नाव आणि मुकादमाचे नाव. मोजणी माणसांचीही नसते, कोयत्याची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात घर आहे, नंबर आहे, पण माणूस नाही. कोपीत माणूस आहे, पण नंबर नाही. लसीकरण, रेशन, शाळा यांतून ही कुटुंबे पुन्हापुन्हा निसटत आली ती या फटीतून.

त्याहूनही जुने बिऱ्हाड भटक्यांचे. तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या समाधीशी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा भरते. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. वर्षभर पालावर राहणाऱ्या, गाव नसलेल्या जमाती इथे येत, गाढवांचा बाजार भरे, सोयरिकी जुळत, जातपंचायती बसत. ज्यांना वर्षभर कोणी पत्र पाठवू शकत नव्हते ते एकमेकांना मढीला नक्की भेटत. सरकारने त्यांच्यापैकी अनेकांना १८७१ पासूनच्या कायद्यांनी गुन्हेगार जमात ठरवले आणि घराऐवजी माणसांचीच नोंद ठेवली, हजेरी घेतली. त्यांतला अखेरचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही आणि रेशनकार्ड नाही म्हणून जातीचा दाखला नाही, हे चक्र त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिले. पत्ता ही सोय आहे असे आपण घरात बसून म्हणतो. ज्याला तो नाही त्याच्यासाठी तो नागरिकत्वाचा पहिला कागद असतो.

टपालखात्याने या साऱ्या गोंधळातून निदान गावापर्यंतची वाट सरळ केली. तिचे श्रेय एका मराठी माणसाला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतात कविता आणि नाटके लिहिणारे आणि टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या योजनेप्रमाणे १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर सहा आकडी पिन लागू झाला. देशात एकाच नावाची गावे असंख्य, लिप्या अनेक, अक्षर दर माणसाचे वेगळे. पाथर्डीचेच पाहा, नाशिकलाही पाथर्डी आहे आणि तिथला पाथर्डी फाटा आज प्रसिद्ध आहे. ४१४१०२ लिहिले की घोटाळा मिटतो. पहिला ४ पश्चिम विभागाचा, ४१४ नगरच्या वर्गीकरणाचा, शेवटचे १०२ पाथर्डी टपाल कार्यालयाचे. मात्र पिन तुम्हाला टपाल कार्यालयाच्या दारात आणून सोडतो. तिथून पुढे पोस्टमन आणि त्याची स्मरणशक्ती.

आता वेशीबाहेरच्या वस्तीच्या त्या मूळ दुखण्याकडे येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांनी आपली नावे आपणच बदलली. महारवाड्याचे भीमनगर झाले, कुठे बौद्धवाडा, कुठे राजवाडा. लोकांनी फलक लावले, पण सरकारी दप्तरात, रेशनकार्डावर, शाळेच्या रजिस्टरमध्ये जुने नाव टिकून राहिले. शहरात खोली भाड्याने बघायला गेलेल्या मुलाला, मुलाखतीला बसलेल्या मुलीला गावचा पत्ता विचारला की जात विचारायची गरज उरत नसे. ११ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने निर्णय काढला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा स्वरूपाची वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत, असा तो निर्णय. शहरांत नगरविकास विभागाने आणि खेड्यांत ग्रामविकास विभागाने ते काम पुरे करायचे होते.

या निर्णयावर एक आक्षेप ऐकू येतो. कुंभारवाडा, सुतार गल्ली या नावांत गावाच्या कष्टाचा इतिहास आहे, तो पुसू नये. आक्षेप प्रामाणिक आहे, पण मला तो मान्य नाही. कुंभाराच्या चाकाचा आणि चर्मकाराच्या कसबाचा इतिहास गावाने जरूर लिहावा, पुस्तकात, शाळेत, ग्रंथालयात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तो एका मुलाच्या नावापुढे चिकटवण्याचा हक्क गावाला नाही. माळी गल्लीत राहणाऱ्याला गल्लीच्या नावाचा त्रास कधी झाला नसेल, म्हणून मांगवाड्यात राहणाऱ्यालाही होत नसेल, असे धरून चालता येत नाही.

माझी हरकत वेगळी आहे. शासनाने उदाहरणादाखल दिलेली पाच-सहा नावेच जर गावोगाव उचलली, तर एका तालुक्यात डझनभर समतानगरे होतील आणि पत्ता म्हणून ती नावे निकामी ठरतील. आपल्या पूर्वजांनी दोन चिंचपुरांना वेगळे करण्यासाठी जी अक्कल वापरली तीच इथे वापरता येईल. वस्तीजवळची विहीर, ओढा, झाड आहे. त्या वस्तीतून शिकून पुढे गेलेली पहिली मुलगी असेल, वेठबिगारीला नकार देणारा माणूस असेल. रहिवाशांनी बसून ठरवलेले नाव टिकते. मुंबईत हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी तिथे रक्त सांडले होते, तरीही बसमध्ये 'फाउंटन' मागणारे लोक पुढे कित्येक वर्षे होते. नाव रुळायला एक पिढी जाते. म्हणून ते पहिल्याच वेळी विचारपूर्वक द्यावे.

तंत्र आता पुढे गेले आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. इंग्रजांनी रेघ ओढून सोडून दिलेली पांढरी जवळपास पावणेदोनशे वर्षांनी मोजली जात आहे, ही गोष्ट लहान नाही. मे २०२५ मध्ये टपालखात्याने डिजिपिन आणला. देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन करून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची ओळख दिली आहे. डोंगरातल्या वाडीवरचे एकटे घर, पालावरचे बिऱ्हाड, उसाच्या फडाजवळची कोपी, कुठेही हा पत्ता मिळू शकतो. ज्यांना कधीच नंबर नव्हता त्यांच्यासाठी ही मोठी आशा आहे आणि तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेने ती आधी ऊसतोडीच्या मुलांसाठी वापरावी.

पण रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्या बाईला दहा अक्षरे आठवणार नाहीत. १०८ वर फोन लावणाऱ्या शेजाऱ्याला गल्लीचे नाव आणि घराचा आकडा सांगता आला पाहिजे, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला तो दिव्याच्या उजेडात दिसला पाहिजे. आज त्याला नाईक चौकात उभे राहायला सांगतात आणि कोणीतरी मोटारसायकल घेऊन त्याला आणायला धावते. सामानाचे खोके घेऊन आलेल्या कुरिअरवाल्या पोराबाबत हे चालून जाते. रुग्णवाहिकेबाबत चालत नाही.

नगरपरिषदेला यासाठी परदेशी तज्ज्ञ नकोत. प्रभागातल्या प्रत्येक गल्लीला रहिवाशांच्या संमतीने नाव द्यावे, गल्लीच्या दोन्ही तोंडांना फलक लावावेत, मुख्य रस्त्यापासून आत जाताना डाव्या हाताला विषम आणि उजव्या हाताला सम असे क्रमांक टाकावेत, मोकळ्या प्लॉटसाठीही क्रमांक राखून ठेवावेत, आणि हाच क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर, मतदार यादीत, नळजोडणीच्या कागदावर घ्यावा. नावे ठरवताना आणि घरे मोजताना बीटावरचे पोस्टमन आणि आशाताई यांना सोबत बसवावे. आणि वाचकहो, परिषद हे करीपर्यंत थांबू नका. तुमच्या गल्लीत वीस घरे असतील तर एका संध्याकाळी एकत्र बसा, नाव ठरवा, क्रमांक ठरवा, ठरावासाठी अर्ज द्या आणि रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत आपला क्रमांक दाराबाहेर लिहा.